सर्व्हरचा प्रोसेसर घ्यावा की वर्कस्टेशनचा? सिम्युलेशनसाठी पहिलं मोठं मशीन घेणाऱ्यांसाठी

भोसरीत आमचं चौघांचं सिम्युलेशनचं छोटं ऑफिस आहे. पंपाच्या केसिंगमधून पाणी कसं वाहतं, बसच्या एसी डक्टमध्ये हवा कुठे कोंडते, कंट्रोल पॅनेलच्या पेटीत उष्णता कुठे साचते, अशी कामं आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी आम्ही पहिलं मोठं मशीन घेतलं. ६४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे हिशेब करणारा भाग) वर्कस्टेशन प्रोसेसर, चार मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडून डेटा यायचे चार रस्ते. तेव्हा आम्ही फक्त कोअर मोजले होते.

पहिल्या रात्री ८० लाख सेलची (हिशेबासाठी पाण्याच्या जागेचे जे बारीक तुकडे पाडतो ते सेल) पंपाची केस लावली. मॉनिटरवर ६४च्या ६४ पट्ट्या काठोकाठ भरलेल्या, सगळीकडे १०० टक्के. बघून समाधान वाटत होतं. एका इटरेशनला, म्हणजे हिशेबाच्या एका फेरीला, किती सेकंद लागतात ते मी वहीत लिहीत होते. मग पडताळा म्हणून तीच केस २४ कोअरवर लावली. वेळ जवळजवळ तेवढाच आला. पुन्हा ६४वर लावली, पुन्हा तेच. भिंतीवरच्या प्लगला वॅटमीटर लावलेला होता. रेंडरिंगच्या, म्हणजे मॉडेलवरून चित्रं तयार करण्याच्या, चाचणीत तो जो आकडा दाखवायचा, त्यापेक्षा या रनमध्ये बराच कमी दाखवत होता. कोअर कामात दिसत होते, पण खरं तर रॅमकडून डेटा यायची वाट बघत थांबले होते. सिस्टीम मॉनिटर हे थांबणंही कामातच धरतो.

प्रोसेसरमध्ये काही दोष नव्हता, आमच्या कामाला तो चुकीचा होता एवढंच. तुमचे पैसे असे अडकू नयेत म्हणून, ज्या क्रमाने निर्णय घ्यायला हवा होता त्या क्रमाने सगळं लिहिते आहे.

आधी दोन घराणी ओळखून घ्या

सर्व्हरच्या बाजूला एएमडीचे एपिक आणि इंटेलचे झिऑन स्केलेबल, म्हणजे आताचे झिऑन ६. वर्कस्टेशनच्या बाजूला एएमडीचे थ्रेडरिपर आणि थ्रेडरिपर प्रो, इंटेलचे झिऑन डब्ल्यू. नवख्या माणसाला वाटतं की सर्व्हरचा कोअर आतून काहीतरी वेगळा आणि भारी असेल. तसं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला एपिक ९००४ आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला थ्रेडरिपर ७००० या दोन्हींत झेन ४ हेच कोअर आहेत. फरक भोवतालच्या गोष्टींत आहे: रॅमचे चॅनेल किती, क्लॉक (कोअरचा गिगाहर्ट्झमधला वेग) किती वर जातो, एका बोर्डावर दोन प्रोसेसर बसतात का, बोर्ड कसा आहे. थ्रेडरिपर एकटाच बसतो. एपिक दोन बसू शकतात, पण मॉडेलच्या शेवटी ‘पी’ असेल तर तो एकट्यानेच चालणारा, आणि म्हणून स्वस्त.

माझी उदाहरणं बहुतेक एएमडीची आहेत, कारण आम्ही तेच वापरले. मोजायची पद्धत इंटेललाही तशीच लागू पडते.

१. तुमचं काम कशापाशी अडतं ते शोधा

ही पायरी सोडू नका. बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे.

तुमची रोजची एक खरी केस घ्या. ऑफिसात आत्ता जे मशीन आहे त्यावर ती ४, ८, १६ अशा वाढत्या कोअरवर चालवा आणि प्रत्येक वेळी एका इटरेशनचा वेळ लिहा. कोअर दुप्पट केल्यावर वेळ निम्मा होत असेल, तर काम कोअरवर अडतंय. एका टप्प्यानंतर वेळ कमी व्हायचाच थांबला, तर बहुतेक वेळा काम रॅमच्या वेगावर अडतंय. आणि कितीही कोअर दिले तरी सुरुवातीपासूनच वेळ तेवढाच राहत असेल, तर ते एकाच कोअरवर चालणारं काम आहे. त्याला फक्त जास्त गिगाहर्ट्झ हवेत.

माझ्या माहितीतल्या कामांचा साधारण हिशेब असा. सीएफडी, म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन, रॅमच्या वेगावर अडतं, सॉफ्टवेअर ओपनफोम असो वा फ्लुएंट. ब्लेंडर किंवा व्ही-रेमधलं सीपीयू रेंडरिंग कोअर आणि क्लॉकवर चालतं, त्याला चार चॅनेल पुरतात. मोठा सी++ कोड कंपाइल करणंही बहुतांशी तसंच. कॅडमध्ये मॉडेल उघडणं, फीचर बदलल्यावर ते पुन्हा तयार होणं, हे बहुतेक एकाच कोअरवर होतं. बरीच व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील तर आधी रॅमची क्षमता बघावी लागते. आणि तीन-चार ग्राफिक्स कार्डं लावायची असतील तर पीसीआयई लेन (कार्डं प्रोसेसरला जोडणारे रस्ते) मोजायच्या: साध्या थ्रेडरिपर ७०००ला पीसीआयई ५.०च्या ४८ लेन आहेत, थ्रेडरिपर प्रोला आणि एका एपिक ९००४ला १२८.

तुमच्याकडे चाचणी घेण्याजोगं मशीनच नसेल तर क्लाउडवर दोन-तीन तास भाड्याने घ्या. आपण विचारात घेतलेल्या घराण्यातलाच प्रोसेसर असलेला इन्स्टन्स, म्हणजे भाड्याचं मशीन, निवडा आणि आपली केस त्यावर चढवा. या दोन तासांचं भाडं मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही. आम्ही हे पहिल्यांदाच केलं असतं तर एक अख्खं मशीन वाचलं असतं.

रेंडरिंगवाल्यांना इथेच सांगून टाकते: तुमचं काम फक्त रेंडरिंगचं असेल तर एपिकच्या वाटेला जाऊ नका. साधा थ्रेडरिपर घ्या. पुढच्यातल्या पाचव्या आणि सहाव्या पायऱ्या तेवढ्या वाचा.

२. कोअरच्या आधी चॅनेल मोजा

रॅमपासून प्रोसेसरपर्यंत डेटा यायचे जेवढे रस्ते, तेवढे चॅनेल. हिशेब सोपा आहे: चॅनेलची संख्या गुणिले रॅमचा वेग गुणिले ८ बाइट. एपिक ९००४ला डीडीआर५-४८००चे १२ चॅनेल आहेत. १२ × ४८०० × ८ म्हणजे सेकंदाला ४६०.८ जीबी. याच पद्धतीने:

- साधा थ्रेडरिपर ७०००: ४ चॅनेल, डीडीआर५-५२००, सेकंदाला १६६.४ जीबी
- थ्रेडरिपर प्रो ७०००डब्ल्यूएक्स: ८ चॅनेल, डीडीआर५-५२००, ३३२.८ जीबी
- झिऑन डब्ल्यू-३४००: ८ चॅनेल, डीडीआर५-४८००, ३०७.२ जीबी
- एपिक ९००५, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला: १२ चॅनेल, डीडीआर५-६०००, ५७६ जीबी

जुलै २०२५ मध्ये आलेल्या थ्रेडरिपर ९०००ला डीडीआर५-६४०० चालते, त्यामुळे त्याचे आकडे २०४.८ आणि प्रोचे ४०९.६ होतात. हे सगळे कागदावरचे आकडे आहेत. हातात येणारा वेग नेहमी याहून कमी असतो, पण तुलना करायला हे पुरतात.

आता या आकड्याला कोअरने भागा. चार चॅनेलवर ६४ कोअर असतील तर डीडीआर५-५२०० लावूनही एका कोअरच्या वाट्याला २.६ जीबी येतात. बारा चॅनेलवर ३२ कोअर असतील तर १४.४ जीबी. सीएफडीसाठी मी आता हाच एक आकडा आधी काढते. आमच्या केसेसमध्ये तो ४-५ जीबीच्या खाली गेला की नवीन कोअरचा फायदा दिसेनासा होतो. तुमचा उंबरठा तुमच्या चाचणीतून कळेल.

किमतीचंही एक उदाहरण बघा. ३२ कोअरचा थ्रेडरिपर प्रो ७९७५डब्ल्यूएक्स बाजारात आला तेव्हा त्याची जाहीर किंमत ३,८९९ डॉलर होती. ३२ कोअरचाच एपिक ९३५४पी आला तो २,७३० डॉलरला. म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर स्वस्त, त्याला चॅनेल बारा आणि एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) दुप्पट, १२८ एमबीच्या जागी २५६. मोबदल्यात क्लॉक सोडावा लागतो: ७९७५डब्ल्यूएक्स ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ९३५४पी ३.८पर्यंतच. सर्व्हर म्हटलं की महागच असणार, ही समजूत घेऊन डीलरकडे जाऊ नका.

सापळा: प्रोसेसरला आठ चॅनेल आहेत म्हणून तो आठही चॅनेलचा वेग वापरू शकतोच असं नाही. एएमडीच्या या प्रोसेसरमध्ये कोअर छोट्या चिपलेटवर असतात आणि प्रत्येक चिपलेटला रॅमशी बोलणाऱ्या मधल्या आयओ चिपशी जोडणारा रस्ता ठरावीक रुंदीचा असतो. चिपलेट दोनच असले तर आठ चॅनेलचा डेटा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. थ्रेडरिपर प्रोमधले १२ आणि १६ कोअरचे खालचे मॉडेल याच कारणाने सीएफडीत मागे पडतात. चिपलेट किती आहेत याचा अंदाज घ्यायचा तर एल३ कॅशला ३२ एमबीने भागा. २५६ एमबी असेल तर आठ, १२८ असेल तर चार. नावात शेवटी ‘एक्स’ असलेल्या, जास्तीची कॅश वर बसवलेल्या एपिकला हे गणित लागू नाही, पण बहुतेक मॉडेलना लागू पडतं.

३. लायसन्स किती कोअरचं आहे ते कागद काढून बघा

ओपनफोम वापरत असाल तर ही पायरी सोडा. त्याला लायसन्सचा खर्चच नाही.

ॲन्सिससारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मशीनच्या आधी लायसन्सचा कागद उघडा. तिथे मूळ लायसन्समध्ये ४ कोअर येतात, एका एचपीसी पॅकने (जास्तीच्या कोअरसाठीचं वेगळं लायसन्स) त्यात ८ वाढतात, दोन पॅकने ३२, तीन पॅकने १२८. म्हणजे दोन पॅक असलेल्या ऑफिसला एका रनसाठी ३६ कोअर वापरता येतात. त्यांनी ९६ कोअरचा प्रोसेसर घेतला तर उरलेले ६० कोअर त्या रनला उपयोगी पडणार नाहीत. अशांसाठी कमी कोअरचे, जास्त क्लॉकचे, पण पूर्ण बारा चॅनेलचे एपिक मिळतात. त्यांच्या नावात शेवटी ‘एफ’ असतो. ९३७४एफमध्ये ३२ कोअर ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, त्याच्या नंतरच्या पिढीतल्या ९३७५एफमध्ये ४.८पर्यंत. लायसन्सची वर्षाची रक्कम बऱ्याचदा मशीनपेक्षा मोठी असते. तेव्हा प्रत्येक लायसन्सच्या कोअरमधून जास्तीत जास्त काम निघेल असा प्रोसेसर घेणं हा खरा काटकसरीचा मार्ग.

विंडोजचंही बघून घ्या. विंडोज होम एकच सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) वापरतं, प्रो दोन. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर मोजलं जातं आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. शिवाय विंडोज ६४ लॉजिकल प्रोसेसरचा एक गट करतं. जुने प्रोग्रॅम त्यातल्या एकाच गटात राहतात, आणि मग मोठा प्रोसेसर अर्धा रिकामा दिसतो. आम्ही सॉल्व्हरच्या, म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मशीनवर लिनक्सच ठेवलं आहे.

४. मशीनशेजारी कोण बसणार आहे?

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मला वाटतं चॅनेलनंतर हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सर्व्हरचा बोर्ड माणसाने समोर बसून वापरायला बनवलेला नसतो. बीएमसी नावाची एक छोटी चिप त्यावर असते. तिच्यामुळे मशीन बंद असलं तरी नेटवर्कवरून ते चालू करता येतं, त्याचा स्क्रीन दुसऱ्या जागेवरून बघता येतो, पंखे-तापमान तपासता येतं. रात्री दोन वाजता रन अडकला तर चिखलीच्या घरातून मी मशीन रीस्टार्ट करू शकते, याचं मोल फार आहे. पण त्याच बोर्डावर आवाजाचं सॉकेट नसतं, यूएसबी मोजकेच असतात, मॉनिटरसाठी बहुधा जुनं व्हीजीए असतं आणि मशीन झोपवायची सोय नसते. आणि एक-यू उंचीचा, म्हणजे चपटा रॅक सर्व्हर असेल तर त्याचे ४० मिलिमीटरचे पंखे इतके ओरडतात की त्या खोलीत फोनवर बोलता येत नाही.

वर्कस्टेशन याच्या उलट. चालू केलं, समोर बसलं, काम सुरू. मॉडेल फिरवताना, मेश (सेलची जाळी) तपासताना, रिपोर्टसाठी चित्रं काढताना ५ गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारा एक कोअर जे सुख देतो ते ३.८ गिगाहर्ट्झचे ३२ कोअर देत नाहीत.

म्हणून माझं मत सरळ सांगते. तुम्ही एकटे आहात, एकच मशीन परवडतं आणि त्याच्यावरच मॉडेल, मेश, सॉल्व्ह सगळं करायचं आहे, तर थ्रेडरिपर प्रो घ्या, ३२ कोअर आणि आठही चॅनेल भरून. दोघं-तिघं असाल आणि रन रात्रंदिवस चालणार असतील, तर पैसे दोन भागांत वाटा: समोर बसायला साधा चांगला रायझन किंवा कोअर अल्ट्राचा डेस्कटॉप, आणि आतल्या खोलीत एपिक. आम्ही शेवटी इथेच पोचलो. एका मशीनने मेशिंग आणि सॉल्व्हिंग दोन्ही करायचं म्हटलं की दिवसा दोघांची ओढाताण होते. रन लावला की मेश करणारी मुलगी थांबते, ती काम करते तेव्हा रन रेंगाळतो.

५. रॅम: इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात

आमच्या दुसऱ्या मशीनच्या कोटेशनमध्ये एपिक होता, बोर्ड बरोबर होता आणि रॅम होती २५६ जीबी. ६४ जीबीच्या चार स्टिक. मी विचारलं तर डीलर म्हणाले, “मॅडम, आत्ता चार टाकू, पुढे लागली तर वाढवू. स्लॉट रिकामे आहेतच.” माणूस सरळ होता. बाकीच्या गिऱ्हाइकांना तो तेच देत असणार आणि त्यांचं काही बिघडत नसणार. पण बारा चॅनेलच्या प्रोसेसरवर चारच स्टिक लावल्या तर चारच चॅनेल चालतात, आणि मी जिथून निघाले होते तिथेच परत पोचले असते. आम्ही ६४च्या चारऐवजी १६ जीबीच्या बारा घेतल्या. एकूण रॅम कमी झाली, १९२ जीबी, आणि मशीन वेगवान झालं. आमच्या स्थिर प्रवाहाच्या केसेसना १० लाख सेलमागे १ ते २ जीबी लागते, त्यामुळे १९२ भरपूर आहे.

रॅम घेताना एवढं तपासा:

- स्टिकची संख्या चॅनेलइतकी हवी, आणि सगळ्या एकाच मॉडेलच्या.
- बोर्डावर स्लॉट किती आहेत ते मोजा. एपिक ९००४साठीच्या एसपी५ सॉकेटच्या काही छोट्या बोर्डांवर आठच स्लॉट असतात. चार चॅनेल कायमचे गेले.
- थ्रेडरिपर ७०००, थ्रेडरिपर प्रो आणि एपिक या तिघांनाही रजिस्टर्ड रॅम लागते, म्हणजे आरडीआयएमएम. साध्या डेस्कटॉपची डीडीआर५ त्यांच्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाच वेगळी असते. जुन्या मशीनमधली रॅम काढून यात लावू, असा हिशेब धरू नका.
- ‘डीडीआर५ला ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करायची सोय) असतंच’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. प्रत्येक डीडीआर५ चिपच्या आत थोडी दुरुस्ती असते, पण रॅम ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका पकडायला खरी ईसीसी स्टिकच लागते. तीन दिवसांच्या रनमध्ये एक बिट उलटला तर कळणारही नाही.
- एका चॅनेलवर दोन स्टिक लावल्या की वेग खाली येतो. दोन-दोन स्लॉटचा बोर्ड असला तरी आधी एकेकच भरा.

२०२५च्या शेवटाला रॅमचे भाव झपाट्याने चढले. तेव्हापासून रॅमचं कोटेशन फार दिवस टिकत नाही, त्यामुळे कोटेशनवर लिहिलेली मुदत बघा.

६. बोर्ड, कूलर, कॅबिनेट, एसएमपीएस

इथे भराभर सांगते. सॉकेट जुळवा: थ्रेडरिपर ७००० आणि ९००० एसटीआर५वर, एपिक ९००४ आणि ९००५ एसपी५वर बसतात. साध्या थ्रेडरिपरला टीआरएक्स५० बोर्ड, प्रोला आठ चॅनेल हवे असतील तर डब्ल्यूआरएक्स९०. टीआरएक्स५० बोर्डावर प्रो चालतो, पण चार चॅनेलवरच, म्हणजे प्रोचे जास्तीचे पैसे वाया.

कूलर सॉकेटप्रमाणेच घ्यायचा. एसटीआर५चा कूलर एसपी५वर बसत नाही. यातले बरेच प्रोसेसर २८० ते ४०० वॅटचे असतात, तेव्हा घरातला जुना कूलर ‘बसवून बघू’ म्हणायची सोय नाही. सॉकेटचे स्क्रू ठरावीक जोर लावूनच आवळायचे असतात. टॉर्कचा पाना नसेल तर असेंब्ली करणाऱ्याला तो आणायला सांगा. कमी आवळला तर काही चॅनेल दिसत नाहीत, आणि दोष रॅमवर जातो.

सर्व्हरचा बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये घालणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याचे पॉवर सर्किटवरचे हीटसिंक बुटके असतात, कारण समोरून मागे जोराची हवा येणार हे त्यात गृहीत धरलेलं असतं. कॅबिनेटमध्ये रॅमवर आणि त्या हीटसिंकवर पंखा रोखावा लागतो. दुसरं, बीएमसीला सर्व्हरच्या वेगवान पंख्यांची सवय असते. तुम्ही शांत, हळू फिरणारे मोठे पंखे लावले की त्याला वाटतं पंखा बंद पडला, आणि मग तो सगळे पंखे पूर्ण वेगाने पळवतो, थोड्या वेळाने सोडतो, पुन्हा पळवतो. पंखा किती कमी फिरला तर घाबरायचं ही मर्यादा आयपीएमआयटूल (बीएमसीला आज्ञा देणारा प्रोग्रॅम) वापरून खाली आणता येते. आमचं हे कळण्यात एक आठवडा गेला.

बोर्डाचा आकार ईईबी, म्हणजे नेहमीपेक्षा मोठा, असेल तर कॅबिनेट ते घेतं का बघा. एसएमपीएसला प्रोसेसरच्या आठ पिनच्या किमान दोन केबल हव्यात.

७. जुना सर्व्हर प्रोसेसर घ्यायचा मोह

मोह रास्त आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या एपिक ७००२ला आणि त्याच्या पुढच्या ७००३ला डीडीआर४-३२००चे आठ चॅनेल आहेत, म्हणजे एका प्रोसेसरला २०४.८ जीबी. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर ४०९.६. हे आजच्या नव्या थ्रेडरिपर प्रो ९०००इतकं झालं. पैसे फारच कमी असतील तर सीएफडीसाठी मी हाच मार्ग सुचवेन, पण पुढची खबरदारी घेऊन.

काही मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये बसलेला एपिक त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो. ही सुरक्षेसाठी केलेली सोय आहे. प्रोसेसरच्या आतला फ्यूज एकदा जळला की तो परत जोडता येत नाही. असा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालूच होत नाही. तो दिसायला हुबेहूब नवा असतो, खालचे कॉन्टॅक्ट स्वच्छ असतात, आणि तरी तो तुमच्या कामाचा नसतो. आम्ही एका विक्रेत्याकडून असाच एक घेतला होता. पैसे परत मिळाले, पण दीड महिना गेला. विक्रेत्याकडून लेखी घ्या: प्रोसेसर बांधलेला नाही, कुठल्याही बोर्डावर चालतो. शक्यतो प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्रच, चालू करून दाखवून घ्या. ‘इंजिनियरिंग सॅम्पल’ म्हणून स्वस्तात मिळणारे प्रोसेसर घेऊच नका. विक्रीला येण्याआधीच्या चाचणीचे ते नमुने असतात, क्लॉक वेगळे असतात आणि नव्या बायोसवर ते बंद पडू शकतात.

८. कोटेशन आणि कागद

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारा, पुण्यातल्या डीलरला विचारा, एखाद्या सिस्टीम इंटिग्रेटरला विचारा, पण तिघांना एकच लेखी यादी द्या आणि एकाच दिवशी कोटेशन मागा. यादीत प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, रॅमच्या स्टिकची संख्या आणि वेग, बोर्डाचं मॉडेल, कूलरचं मॉडेल असलंच पाहिजे. ‘३२ कोअर एपिक, २५६ जीबी रॅम’ एवढंच लिहिलंत तर तिघं तीन वेगळी मशीन देतील आणि तुम्ही भाव जुळवत बसाल.

हाताशी ठेवायचे कागद:

- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन. संगणकावर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलावर तुमचा जीएसटी नंबर नसेल तर तो परत मिळणार नाही.
- उद्यम नोंदणी, आणि बँकेचं कर्ज घेत असाल तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइस.
- सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा कागद, कोअरच्या आकड्यासह.
- पहिल्या पायरीत केलेल्या चाचणीची नोंद. डीलरशी बोलताना हीच सगळ्यात जास्त कामाला येते.
- वॉरंटी कोण देणार, हे लिहून घेतलेलं पत्र.

शेवटच्या कागदाचं कारण असं: डब्यातून येणाऱ्या थ्रेडरिपरला उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी असते. एपिक बहुधा ट्रेमधून, डब्याशिवाय येतो आणि त्याची वॉरंटी ज्याच्याकडून घेतला त्याची असते. तो डीलर दोन वर्षांनी धंद्यात असेल का, हा विचार इथे करावा लागतो. जास्त पैसे देऊन अख्खा सर्व्हर मोठ्या कंपनीकडून, जागेवर येऊन दुरुस्त करून देण्याच्या करारासह घेणं काही ऑफिसांना परवडतं ते याचमुळे.

९. वीज आणि खोली

सरासरी ५०० वॅट घेणारं मशीन महिनाभर अखंड चाललं तर ३६० युनिट होतात, एसीचे वेगळे. यूपीएस ऑनलाइन घ्या, अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे एमआयडीसीत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून बुधवारी रात्री लावलेला रन दर तासाला डिस्कवर उतरेल अशी व्यवस्था केली आहे.

१०. मशीन आल्यावर

बटण दाबल्यावर स्क्रीन काळाच राहील. एक मिनिट, तीन मिनिटं, पाच मिनिटं. पंखे फिरतील, बाकी काही होणार नाही. आमच्या ऑफिसात त्या दिवशी चौघंही मशीनभोवती उभे होतो आणि असेंब्ली करणारा मुलगा दोनदा बटणाकडे हात नेऊन थांबला. पहिल्यांदा चालू होताना प्रोसेसर प्रत्येक स्टिकशी वेग जुळवून घेत असतो. बारा स्टिक असल्या की त्याला वेळ लागतो. मध्येच बंद केलंत तर सगळं पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका. बीएमसीला नेटवर्कची केबल जोडून ठेवली तर कुठल्या टप्प्यावर आहे ते लॅपटॉपवर दिसतं. (त्याचा सुरुवातीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला, आणि बीएमसी कधीही थेट इंटरनेटला जोडू नका.)

चालू झाल्यावर याच क्रमाने तपासा. लिनक्समधली डीएमआयडीकोड ही आज्ञा चालवून सगळ्या स्टिक दिसतात का आणि कोणत्या वेगाने चालतात ते बघा. बारा लावल्यात आणि अकरा दिसल्या तर प्रोसेसर काढून पुन्हा नीट आवळून घ्या. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम एक रात्र चालू ठेवा. मग स्ट्रीम ही मेमरीची चाचणी चालवा आणि आलेला आकडा दुसऱ्या पायरीतल्या कागदी आकड्याशी ताडा. निम्म्याच्या खाली असेल तर काहीतरी चुकलं आहे, आणि डीलरचा माणूस अजून तिथेच असतानाच ते सांगा. एपिकच्या बायोसमध्ये एनपीएस नावाचं सेटिंग असतं. ते १ वरून ४ केलं की मेमरीचे चार भाग होतात आणि प्रत्येक कोअर आपल्या जवळच्या भागातून डेटा घेतो. आमच्या ओपनफोमच्या केसेसना याचा फायदा झाला. तुमच्याकडे दोन्ही करून बघा.

सगळ्यात शेवटी पहिल्या पायरीतली तीच केस लावा, तसेच कोअर वाढवत, ८, १६, २४, ३२. आमच्या वहीत ही पानं समोरासमोर आहेत. डावीकडे जुन्या ६४ कोअरच्या मशीनची, जिथे २४ नंतर आकडा हलत नाही. उजवीकडे एपिकची, जिथे ३२वा कोअर जोडल्यावरही तो उतरत होता. जुनं मशीन आम्ही विकलं नाही. एका ओळखीच्या आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात ते रेंडरिंग करतं, आणि तिथे त्याचे ६४च्या ६४ कोअर खरोखर कामात असतात.